एक्क्याऐंशी टक्क्यांची चूक

मी बी.ए. आहे. राज्यशास्त्र. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या घराण्यात ते सांगायला मिळालेला मी पहिला माणूस. वडील घोटीला भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. आई शाळेची पायरी एकदाच चढली, माझ्या निकालाच्या दिवशी. पदवी हातात आल्यावर वर्षभर मी जागा दिसेल तिथे नावापुढे बी.ए. लिहिलं. रेशनकार्डाच्या अर्जावर लिहिलं, वाचनालयाच्या वहीत लिहिलं, एकदा तर रक्तगट तपासायच्या चिठ्ठीवरही लिहिलं. तिथला माणूस म्हणाला, "अहो, रक्ताला डिग्री लागत नाही."

पण राज्यशास्त्रच का, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर हे आहे : प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात तीन रांगा होत्या. सायन्सची रांग जिना उतरून अंगणात आली होती. कॉमर्सच्या रांगेत ओळखीचं कोणी नव्हतं. आर्ट्सची रांग छोटी होती, आणि मला घोटीची चारची गाडी धरायची होती. गाडी मिळाली. माझ्या करिअरचं नियोजन एवढंच.

अशा माणसाने पुढे अठरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शाखा निवडायला मदत केली. नाशिकला पंचवटीच्या अंगाला, पेठ रोडच्या एका शाळेत मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचो. एका जूनमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "तुमचे दोन तास मोकळे दिसतात. व्यवसाय मार्गदर्शन तुमच्याकडे." झालं. खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. एका बाजूला मी आणि टेबल, दुसऱ्या बाजूला हवा गेलेले व्हॉलीबॉल. मुलं म्हणायची, "सर, तुम्ही बॉलवाल्या खोलीत बसता ना?"

हे काम काय असतं ते बाहेरच्यांना सांगतो. दहावीचा निकाल लागला की मुलासमोर एकदम तीन-चार दरवाजे उघडतात. अकरावी, आयटीआय, डिप्लोमा. प्रत्येकाची वेबसाइट वेगळी, तारखा वेगळ्या, फेऱ्या वेगळ्या. फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरायचा असतो, आणि पहिल्या पसंतीला नंबर लागला की तिथेच जावं लागतं. नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. घरात ज्यांचं कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यांना हे सगळं पत्त्यांच्या खेळासारखं वाटतं. कुणाला तरी नियम माहीत आहेत आणि ते आपल्याला सांगत नाहीत, असं. माझं काम नियम सांगायचं. आणि त्याहून मोठं काम, पोराला चुकीच्या वर्गात बसू द्यायचं नाही. कारण चुकीच्या वर्गात बसलेलं पोर आधी मागच्या बाकावर सरकतं, मग खिडकीशी, मग गेटबाहेर. आपण म्हणतो, गरिबीमुळे शाळा सुटली. गरिबी असतेच. पण पोराला वर्गात मजा येत असेल तर गरीब आईबापसुद्धा जिवाचं रान करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक आई दर वर्षी वेगळं मूल घेऊन यायची आणि प्रश्न तोच : "सर, कलेक्टरची साइड कोणती?" मी सांगायचो, कुठल्याही साइडने जाता येतं. तिला ते पटायचं नाही. मी मुद्दाम लपवतोय असंच तिला शेवटपर्यंत वाटलं. लासलगावकडचे एक वडील आले. म्हणाले, "याला असं काहीतरी द्या ज्यात ट्रॅक्टर नसंल. दिवसभर ट्रॅक्टर, ट्रॅक्टर. मार्केटला कांदा घेऊन गेलो तर हा लिलावाकडं बघत नाय, दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरखाली शिरतो." मी पोराकडे पाहिलं. त्याच्या नखांत ग्रीस होतं आणि तोंडावर अपराधी भाव. मी वडिलांना म्हटलं, "काका, पोराने नखांतच फॉर्म भरून आणलाय की. तुम्ही फक्त सही करा." आज तो ट्रॅक्टरच्याच वर्कशॉपात आहे आणि वडील त्याच्याकडे ट्रॅक्टर नीट करून घेतात, तेही नंबर न लावता.

मुलांना मी 'तुला काय व्हायचंय' असं कधी विचारत नसे. त्याला पोरं पाठ केलेलं उत्तर देतात. मी विचारायचो, "शाळेत नसतोस तेव्हा तुझे हात कशात असतात?" एकाने सांगितलं, "नाकात, सर." पण बाकीचे विचार करायचे, आणि त्या उत्तरात बहुतेक वेळा रस्ता सापडायचा.

हा प्रश्न मी शेकडो पोरांना विचारला. सुगंधाला विचारला नाही.

सुगंधा भोये. सुरगाण्याच्या डोंगरातल्या घरची. घरी भात आणि नागली होते, ती चार-सहा महिने पुरते. पुढे दिवाळीपासून आईबाप मजुरांच्या टोळीबरोबर द्राक्षबागांवर. पोरगी आठवीपासून पेठ फाट्याजवळ आत्याच्या खोलीत राहून आमच्या शाळेत होती. कमी बोलायची. दहावीला तिला एक्क्याऐंशी टक्के पडले, आणि आमच्या शाळेत एक्क्याऐंशी म्हणजे बँड लावायचाच बाकी ठेवला होता. शिपाईमामांनी फळ्यावर तिचं नाव रंगीत खडूने लिहिलं. मी स्वतः पेढे वाटले.

त्या आठवड्यात सर्व्हर सारखा बसत होता. एका दुपारी तो चालू झाला, आणि मी त्या एका बैठकीत चाळीस पोरांचे फॉर्म भरले. पंचाहत्तरच्या वर आकडा दिसला की सायन्स. सुगंधा माझ्या खुर्चीमागे उभी होती. मी मागे न बघता म्हटलं, "सायन्सच ना गं?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, सर." मला ते उत्तर आवडलं. आता ते आठवलं की कानाची पाळी गरम होते. शहरातलं चांगलं कॉलेज, पहिली पसंती, पहिल्याच फेरीत नंबर. कॉलेजच्या क्लार्कला पेढे द्यायलाही मीच गेलो.

माझी एक सवय होती. दिवाळीची सुट्टी संपली की मी आमची पोरं ज्या ज्या कॉलेजात गेली तिथे एक चक्कर मारायचो. कारण पोरं जूनमध्ये शाळा सोडत नाहीत. ती दिवाळीला घरी जातात, आणि परत येत नाहीत. कोणी नाव काढत नाही, कोणी दाखला मागत नाही, फक्त बाक रिकामा होतो. त्या वर्षी सुगंधाचा बाक रिकामा होता. वर्गशिक्षक म्हणाले, "ती तर सप्टेंबरपासूनच मागे बसायची. काही विचारलं की उभी राहायची, बोलायची नाही. मला वाटलं, लाजाळू आहे."

आत्याकडे गेलो. आत्या भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "ती विंचूरला गेली ना, आईबाबाकडं. म्हणली, कॉलेज नको. मी म्हणलं, सरांना सांग. तर म्हणली, सरांना नको सांगू."

ते 'सरांना नको सांगू' मला लागलं.

रविवारी स्कूटर काढली. बायको म्हणाली, "हेडमास्तर जात नाहीत, कॉलेजवाले जात नाहीत, तुम्हीच का?" मी म्हटलं, "फॉर्म मी भरला होता." तिने डबा भरून दिला.

विंचूरच्या अलीकडे रस्त्याला लागूनच ती बाग. मालक भाऊसाहेब म्हणून एक उमदा गृहस्थ. मी कोण ते सांगितल्यावर आधी त्यांनी चहा मागवला आणि मग शंका काढली. "मास्तर, पोरगी न्यायला आला असाल तर आधी माझं ऐका. विरळणी चालूये. आत्ता टोळीतलं एक माणूस कमी झालं तर माझा माल वाया जाईल." विरळणी म्हणजे घडातले काही मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. बायाबापड्या मांडवाखाली मान वर करून दिवसभर तेच करतात. सुगंधा आईशेजारी उभी होती. मला बघून तिने कात्री पाठीमागे लपवली.

आम्ही बांधावर बसलो. मी म्हटलं, "काय झालं ते सांग. रागावणार नाही."

"काही नाही सर."

"काही नाही झालं म्हणून कोणी एवढ्या लांब द्राक्षं कापायला येत नाही."

ती बांधावरचं गवत उपटायला लागली. मग म्हणाली, "सर, सगळं इंग्रजीत असतं. दहावीपर्यंत मला यायचं. वेग, त्वरण, घर्षण, सगळं. तिथं त्यांनी एकदम नावंच बदलली. मी घरी जाऊन डिक्शनरीत बघायची. एक पान व्हायला रात्र जायची. तोपर्यंत ते पुढच्या धड्यावर."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पेढे वाटले होते ना, सर."

मी लगेच दुसरी चूक केली. शिक्षकाला गप्प बसता येत नाही. आजूबाजूला हिरवीगार बाग बघून म्हटलं, "मग शेतीचा डिप्लोमा बघू या का? मराठीत असतो. तुला बागेचं सगळं माहीत आहे."

"सर, द्राक्षाचं नाव नका काढू." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "ह्याच्यातून बाहेर पडायचं म्हणून तर शाळा शिकले."

"बरं, आर्ट्सला ये. तेही मराठीत असतं."

"आर्ट्स करून काय होतं सर?"

"माझ्यासारखं होतं."

ती फस्सकन हसली, आणि मग तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत राहिली, की सरांना राग तर नाही आला. मलाही हसू आलं. पण हाती काहीच लागलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या मोकळ्या रानातून भाऊसाहेबांची हाक आली. "सुगंधे! ये गं जरा, दोरी बघ!"

तिथे नवी बाग लावायची होती. लागवडीआधी ओळींसाठी चाऱ्या खोदतात, आणि त्याआधी चुन्याच्या फक्कीने रेघा मारून रान आखतात. ओळ सरळ नसली तर पुढे मांडव तिरका, तारा तिरक्या, औषध फवारायचा ट्रॅक्टर आत अडकतो. बाग वीस-वीस वर्षं तशीच उभी राहते, म्हणजे चूकही तेवढी वर्षं रोज बघावी लागते. दोन गडी दोरी ताणून उभे होते आणि भाऊसाहेब कमरेवर हात ठेवून.

सुगंधा कोपऱ्यात गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "काका, कोपरा फाकलाय तुमचा."

"अगं फाकला कुठला? डोळ्याने मारलाय मी. पंचवीस वर्षांचा डोळा आहे."

"डोळ्याचंच चुकतंय. इथं दिसत नाही. पार तिकडं, बोअरपाशी, दोन हात बाहेर जाईल."

तिने दोरीला गाठी मारलेल्या होत्या. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, आणि समोरून तिरकं पाच जुळलं की कोपरा काटकोनात. जुळेना. तिने खुंटी उपटली, बोटभर आत घेतली, पुन्हा ठोकली. जुळलं. मग दोन गड्यांना लांब बोअरपर्यंत दोरी ओढायला लावली, स्वतः जमिनीला गाल टेकवून एक डोळा मिटला आणि तिथून ओरडायला लागली, "डावीकडं! अजून! बास, बास, मागं नका येऊ!" जी पोरगी वर्गात उभी राहून बोलत नव्हती, ती दोन बाप्या गड्यांना रानभर नाचवत होती.

भाऊसाहेब माझ्या कानात म्हणाले, "बघितलं? म्हणून म्हणतो, नेऊ नका. गेल्या साली सुट्टीत आली होती, तेव्हाच्या प्लॉटला मी ऐकलं नव्हतं तिचं. ट्रॅक्टर रोज शिव्या देतो मला."

मी तिला म्हटलं, "सुगंधा, हा पायथागोरस आहे."

"हो सर, माहितीये. दहावीला होता. पण तो वहीत होता." मग हात झटकत म्हणाली, "हे बाबांनी शिकवलं. घराचा पाया आखताना."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात पडला उजेड. आयटीआयमध्ये एक ट्रेड असतो, सर्व्हेअर. म्हणजे जमिनीची मोजणी करणारा. दोन वर्षांचा, आणि शिकवतात ते बरंचसं मराठीत, बरंचसं मैदानावर. मी अठरा वर्षांत त्या ट्रेडला फार थोडी पोरं पाठवली होती. पोरं फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या पुढे बघायचीच नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

दुपारच्या जेवणाला टोळी झाडाखाली बसली. सुगंधाचे वडील काशिनाथ, आई सोनीबाई. आपसात ते त्यांच्या कोकणीत, म्हणजे डोंगरातल्या कोकणा बोलीत बोलत, ते मला निम्मंच कळायचं. माझ्याशी बोलताना हळू बोलत. सोनीबाईंनी स्पष्टच सांगितलं, "सर, आता पुरं झालं तिचं शिकणं. एकदा शिकून परत आली ना? पुढच्या सालापासून टोळीत तिचं नाव पक्कं हाय. मुकादमाला शब्द दिलाय."

म्हणजे प्रश्न सरळ होता. जूनपर्यंत पोरीला शिक्षणात जागा मिळाली तर ठीक. नाहीतर ती टोळीची. आणि टोळीत नाव लागलं की ते सुटत नाही, हे मी बऱ्याच पोरींचं पाहिलं होतं.

मी काशिनाथांना म्हटलं, "मोजणीचा कोर्स आहे. तुमची पोरगी मोजणीवाली होऊ शकते."

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "मोजणीवाले? जे आमच्या गावात येत्यात ते?"

"तेच काम."

डोंगरात या शब्दाचं वजन वेगळं. काशिनाथांचा जमिनीचा एक तुकडा जंगलाच्या कडेला, वडिलांच्या काळापासून कसलेला. त्याच्या मोजणीची वाट बघण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. ते सोनीबाईंशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. मग मला म्हणाले, "मोजणीवाले येतात, सर. टेपकडं बघत्यात, कागदाकडं बघत्यात. आमच्याकडं नाय बघत. आम्ही सगळे लांब उभे. आमच्यातली एखादी असली, तर निदान विचारंल तरी, की बाबा, तुझा बांध कुठून गेला."

सोनीबाई म्हणाल्या, "आणि नाय जमलं तर? पुन्हा परत आली तर लोक हसत्याल. आधीच हसत्यात."

हा प्रश्न रास्त होता. एकदा माझ्या शब्दावर पोरगी गेली होती आणि तोंडघशी पडली होती. मी म्हटलं, "या वेळी माझ्या शब्दावर नको. आधी बघा, मग ठरवा. एक दिवस द्या मला."

भाऊसाहेबांनी एक दिवस दिला. कुरकुरत दिला, पण दिला, आणि वर बापलेकीला नाशिकच्या एसटीसाठी मोटारसायकलवरून निफाडपर्यंत स्वतः सोडलं.

आयटीआयच्या मैदानावर शिकवणाऱ्या निदेशक मॅडमनी तिपाईवर ठेवलेली जुनी दुर्बीण दाखवली. लांब एक पोरगा रंगीत पट्टी धरून उभा. मॅडम म्हणाल्या, "बघा काका." काशिनाथांनी डोळा लावला आणि दचकून मागे सरले. "आयला! पोराला उलटा टांगलाय!" जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मॅडमनाही हसू आवरेना. काशिनाथ पुनःपुन्हा बघत होते, मधेच मान वर करून खात्री करत होते, की पोरगा खरंच पायावर उभा आहे ना. सुगंधा मात्र डोळा लावून एकदा बसली ती बसलीच. मॅडम सांगत होत्या, हा स्क्रू असा, बुडबुडा मधे आणायचा. तिने बुडबुडा मधे आणला. मॅडमनी विचारलं, "आधी कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "दोरीवर."

आता तिचे मूळ कागद सोडवायचे होते. ते कॉलेजात जमा. खिडकीवरचा क्लार्क मला बघताच म्हणाला, "सर, तुम्हीच ना जूनमध्ये पेढे घेऊन आलेले? आणि आता सायन्सची सीट सोडायला आलात? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "आत्ता आलंय." सुगंधा शेजारी उभी होती. सही करताना तिचा हात जरा थांबला. मला वाटलं, बिचकली. तर म्हणते, "सर, 'सोडण्याचे कारण' लिहायचंय. काय लिहू?" मी सुचवायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने लिहिलं : दुसरे शिकायचे आहे.

मे महिन्यापर्यंत ती टोळीत राहिली. मला धाकधूक. मधे एकदा मुकादमाचा निरोप आला, की पोरगी कामाला चांगली आहे, उगाच नादी लावू नका. मी दर पंधरा दिवसांनी आत्याला फोन करायचो. आत्या कंटाळून म्हणाली, "सर, ती हाय, जित्ती हाय, दोऱ्या ओढतीय. तुम्ही जरा झोपा."

जूनमध्ये आयटीआयचे फॉर्म निघाले. बॉलवाल्या खोलीत या वेळी खुर्चीवर सुगंधा बसली आणि मी मागे उभा राहिलो. तिने पहिल्या पसंतीला सर्व्हेअर लिहिलं. आणि फॉर्म बंद करायला लागली.

"अगं, थांब! अजून पसंत्या भर. दुसरी ड्राफ्ट्समन टाक, तिसरी इलेक्ट्रिशियन. एवढ्या जागा मोकळ्या सोडायच्या नसतात."

"नको सर."

"अगं, नंबर नाही लागला तर? आईने शब्द दिलाय मुकादमाला. तुला माहीत आहे."

"लागला तर काय होतं ते पण माहितीये सर. मागच्या वर्षी लागला होता की."

अठरा वर्षांत मी कधी एकाच पसंतीचा फॉर्म जाऊ दिला नव्हता. धंद्याचा पहिला नियमच तो. मी वाद घातला, समजावलं, शिपाईमामांनाही मधे घातलं. ते म्हणाले, "सर, पोरीचं लग्न नाय लावत आपण, फॉर्म भरतोय. भरू द्या तिला." तिने बटण दाबलं.

पहिली यादी लागली. नाव नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बायको म्हणाली, "पसंती तिची, आणि तळमळता तुम्ही." काशिनाथांचा फोन आला, एवढंच म्हणाले, "सर, टोळीवाले विचारत्यात. काय सांगू?" मी म्हटलं, "दुसरी यादी लागेपर्यंत थांबायला सांगा." स्वतःच्या आवाजावर माझाच विश्वास बसला नाही.

दुसऱ्या यादीत तिचं नाव होतं. आत्याच्या फोनवरून ती फक्त एवढंच म्हणाली, "सर, लागला." आणि मग फोन तिच्या हातातून आत्याने ओढून घेतला, म्हणून पुढचं काय ते मला आत्याकडूनच ऐकायला मिळालं. तिने मला पाच मिनिटं आशीर्वाद दिले, मी तिच्यापेक्षा मोठा असूनही. पेढे मी या वेळी वाटले नाहीत. विकत आणले होते, ते घरीच संपवले.

त्यानंतर एक काम केलं, जे फार आधी करायला हवं होतं. त्या दुपारच्या चाळीस फॉर्मांची यादी काढली आणि एकेकाला गाठायला लागलो. बहुतेक जण बरे होते, काही तर माझ्या सल्ल्याशिवाय जास्तच बरे. दोघं सापडले नाहीत. एकाचा नंबर बंद, दुसऱ्याच्या घरी कुलूप, शेजारी म्हणाले घोटीकडे कुठेतरी गेले. त्या दोघांची नावं माझ्या पाकिटात आहेत. निवृत्त झालो तरी आहेत.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. दिवाळीची सुट्टी संपली, आणि पहिल्याच दिवशी माझी स्कूटर आपोआप आयटीआयच्या रस्त्याला लागली. खरं तर आता मला कुठे जायचं कारण नव्हतं. पण पोरं दिवाळीतच जातात, आणि डोंगरातली टोळीही दिवाळीतच खाली उतरते. सोनीबाईंचं मन बदललं असेल तर? मुकादमाने घोळात घेतलं असेल तर? सर्व्हेअरच्या वर्गाशी पोचलो. वर्ग रिकामा. सगळे बाक रिकामे होते हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मला तिचाच तेवढा दिसत होता. पलीकडच्या वर्कशॉपातल्या एका पोराला विचारलं. तो म्हणाला, "सर्व्हेवाले ना? ते मागे, मैदानावर."

मी जवळजवळ पळतच गेलो. मैदान मोठं, ऊन चढलेलं. या टोकाला एक पोरगा पट्टी धरून उभा. मी डोळ्यांवर हात धरून त्याच्या पुढे गेलो आणि चेहरे शोधायला लागलो. एक घोळका वहीत आकडे लिहीत होता, त्यात नव्हती. पाण्याच्या टाकीपाशी तीन पोरी होत्या, त्यांतही नव्हती. मी आणखी पुढे सरलो.

मैदानाच्या त्या टोकावरून आवाज आला. चांगला खणखणीत, चिडलेला.

"ओ काका! बाजूला व्हा! मधे आलात!"

मी वळून पाहिलं. तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून ती बसली होती. दुसरा डोळा मिटलेला. कोण मधे आलंय हे तिला कळलेलं नव्हतं, आणि त्याच्याशी तिला काही कर्तव्यही नव्हतं.

मी डावीकडे सरकलो.

"अजून!"

अजून सरकलो.

"बास!"

आणि तिने वही ओढून आकडा लिहिला.